पडल्यास जबाबदारी जमीनमालकाची

मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी इकडून तिकडे उड्या मारायला लागले तर तक्रार नको. लहानपणी वर्ध्याला आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी लावूनच पाठवलंय देवानं. आम्ही बौद्ध, देवाला घरात जागा नाही, पण माझ्याबद्दल बोलताना आईला तो आठवायचा. आता पन्नाशी आली तरी दहा मिनिटं खुर्चीत बसले की पाय हलायला लागतो. आणि अशा माझ्या टेबलावर गेला महिनाभर एक फाईल न उघडता पडून होती. विचारणाऱ्यांना मी सांगायचे, वेळ मिळत नाही. वेळ भरपूर होता. धीर होत नव्हता.

फाईल आमच्या मालकांची. मालक म्हणजे घरमालक, धायरीचे. मी पुण्यात पहिली नोकरी लागून आले तेव्हा त्यांच्या बंगल्यामागच्या खोलीत राहायचे. त्या वेळी धायरी अजून निम्मं गाव होतं. रस्त्यावर म्हशी असायच्या आणि म्हशींच्या मधून आमची कंपनीची बस हॉर्न वाजवत जायची. मालकांची जागा चांगली मोठी होती. मध्ये बैठा बंगला आणि भोवती झाडं. एक जुनी चिंच, दोन आंबे, एक कवठ, कुंपणाशी शेवगा आणि मागे विहिरीजवळ एक उंच जांभूळ. निवृत्त झाल्यावर जागा घेतली ती झाडं बघून, घर नंतर बांधलं, असं काकू सांगायच्या. काकू म्हणजे मालकांच्या पत्नी. त्यांना मी काकू म्हणायचे, पण मालकांना काका म्हटलेलं चालत नसे.

पहिल्याच दिवशी मी, "काका, किल्ली," म्हणाले तर ते थांबले. "काका नको. नात्यात जबाबदारी पातळ होते. मालक म्हणा."

खोली दाखवताना म्हणाले, "पाणी सकाळी सहा ते सात. त्यानंतर नळाला येतो तो आवाज. पंखा आहे, वाराही आहे, पण दोन्हींचा काही संबंध नाही. तुम्ही करता काय?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"म्हणजे बसून," ते म्हणाले आणि माझ्या हलणाऱ्या पायाकडे बघत राहिले.

त्यांनी आयुष्यभर एका विमा कंपनीत नोकरी केली होती. अपघाताचे दावे आले की जागेवर जाऊन चौकशी करायची आणि अहवाल लिहायचा. कंपनीने पैसे द्यायचे की नाही, ते त्या अहवालावर ठरायचं. बारीक अंग, पांढरा लेंगा, वर अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि शर्टाच्या खिशाला घरातसुद्धा पेन. चोवीस वर्षांच्या मला ते "अहो" म्हणायचे, तुम्ही-आम्ही करायचे. आमच्याकडे एवढ्या आदराने फक्त जावयाशी बोलतात. मला पहिले आठ दिवस वाटायचं, हा माणूस माझ्यावर रागावलाय.

तर झाडाचं. एका रविवारी मी चिंचेखाली उभी होते. वर्ध्याला आमच्या मागच्या गल्लीत अशीच चिंच होती आणि मी तिच्यावर निम्मं बालपण काढलं होतं. मालक पाणी घालत होते. मी सहज विचारलं, "चढू का हो वर?"

"अर्ज द्या," ते म्हणाले.

मला वाटलं पुणेरी टोमणा. कामावरच्या पोरींनी सावध केलं होतं. मी खोलीत निघून गेले. अर्ध्या तासाने दार वाजलं. मालक हातात छापील कागद घेऊन उभे. वर अर्ज क्रमांक, खाली अर्जदाराचं नाव, झाडाचं नाव, चढण्याची वेळ, उतरण्याची वेळ, चढण्याचं कारण, अर्जदाराची सही. सगळ्यात खाली टाइप केलेली एक ओळ होती, "पडल्यास जबाबदारी जमीनमालकाची," आणि मालकांच्या सहीची जागा.

मी ती ओळ दोनदा वाचली. "मालक, हे उलटं छापलंय. जमीनमालक जबाबदार नाही, असं असतं."

"सगळीकडे असतं. माझ्याकडे नाही. भरा."

मी भरला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं कळेना, म्हणून लिहिलं, "उगाच." म्हटलं बघू काय करतात. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, मान डोलावली, म्हणाले, "कारण पटलं," आणि सही केली. वरच्या कोपऱ्यात क्रमांक घातला, दोन. माझ्याआधी कुठल्याही भाडेकरूने झाडावर चढायचं विचारलं नव्हतं, हे मला काकूंकडून ठाऊक होतं. मी म्हटलं, एक नंबर कुणाचा?

"होता एक," मालक म्हणाले. "चपला काढा. खिशात काय आहे ते काढा."

मग मला त्यांचे नियम कळत गेले. दर महिन्याला ते लाकडी ठोकळा घेऊन झाडांभोवती फिरायचे. खोडाला, खालच्या फांद्यांना ठोकून कान लावायचे. पोकळ आवाज आला की त्या फांदीला चुन्याचा पट्टा. पट्ट्यापलीकडे पाय ठेवायचा नाही. खालचे दगड वेचून काढलेले, पाचोळा मात्र मुद्दाम ठेवलेला. साल ओली असली की परवानगी नाही, वारा असला की नाही. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम झाडाला. एकेका झाडाचा स्वभाव ते भाडेकरूंच्या स्वभावासारखा सांगायचे. चिंच सरळ. आंबा बरा, पण मुंग्या पाळतो. शेवग्यावर अजिबात विश्वास ठेवू नये, तो न सांगता मोडतो. आणि जांभूळ बंद. जांभळाच्या बुंध्याला माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर चुन्याचा जाड पट्टा होता. त्या झाडासाठी अर्जच मिळायचा नाही.

पण खरी कटकट पुढेच होती. आपण वर असेपर्यंत हा माणूस खाली लोखंडी खुर्ची टाकून बसायचा. हातात पेपर नाही, काही नाही. मांडीवर हात ठेवून वर बघत. मी वर तासभर बसले तर ते खाली तासभर. मला राग यायचा. झाडावर चढायचं ते कुणाची नजर नको म्हणून, आणि इथे हे.

एकदा मी वरूनच म्हणाले, "मालक, तुम्ही जा ना आत. मी काय पडून नाही राहिले."

"पडत नाहीये, म्हणा," ते शांतपणे म्हणाले. माझं वऱ्हाडी बोलणं त्यांना फार खटकायचं. "आणि पडणारा आधी कळवत नाही. सही केली की बसणं आलं. नुसत्या सहीला जबाबदारी म्हणत नाहीत."

काकू आतून ओरडायच्या, "अहो, आमटी गार झाली." हे म्हणायचे, "त्या उतरल्या की." मग मला उतरावंच लागायचं. काकू वाढताना माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ह्यांना घरात आणण्यासाठी आता मला तुझी विनवणी करावी लागते, बघ."

पुढे आमच्या कंपनीत टूम निघाली की माणसांनी एकत्र बाहेर जायचं, काही तरी अंगमेहनतीचं करायचं, म्हणजे टीम घट्ट होते. मी बोलून गेले की आमच्या मालकांकडे झाडं आहेत. झालं. एचआरच्या मॅडम एका शनिवारी गाडी घेऊन धायरीला आल्या. तरतरीत बाई, बोलायला गोड. दोर घेऊन येणारी माणसं ठरली होती, हेल्मेटं ठरली होती, जेवणाचं ठरलं होतं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग मॅडमनी एक कागद काढला. त्यात असं होतं की, येणारा प्रत्येक जण स्वतःच्या जोखमीवर चढतोय, काही झालं तर तो किंवा त्याचे वारस जमीनमालकावर कसलाही दावा करणार नाहीत, आणि मालकांना हे मान्य आहे.

मालकांनी खिशातलं पेन काढलं. मला वाटलं सही करतात. त्यांनी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि कागद परत दिला.

"सर, हे तुमच्याच फायद्याचं आहे," मॅडम म्हणाल्या.

"हो ना. असा फायदा मी तीस वर्षं दुसऱ्यांचा करून दिला. कागद उत्तम आहे. वारस विसरला नाहीत, हे विशेष."

"मग अडचण काय आहे?"

"अडचण काही नाही. ज्याला मी जबाबदार नाही, त्याला माझ्या झाडावर चढता येणार नाही. एवढंच."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी विहिरीकडे पाहिलं. त्यांनी आणखी पाच मिनिटं समजावलं, मालकांनी आणखी पाच मिनिटं नम्रपणे ऐकलं, आणि काकूंनी कोकम सरबत दिलं. टीम शेवटी एका रिसॉर्टला जाऊन दोरीवरून लोंबकळून आली आणि पुढचे चार महिने कंपनीत मला सगळे विचारत होते, तुझे ते मालक ठीक आहेत ना?

त्या संध्याकाळी मी चिडले होते. स्वयंपाकघरात जाऊन काकूंना म्हणाले, "असं काय करतात हो हे? एक सही करायची होती. माझी अब्रू गेली."

काकू शेंगा सोलत होत्या. मग आवाज खाली करून त्यांनी मला ते सांगितलं. मालक बाहेर खुर्चीत होते.

नोकरीत असताना एक दावा आला होता. एका बागायतदाराच्या जमिनीवर एक गडी जांभळावरून पडून गेला. बागायतदाराने विमा उतरवलेला होता, जागेवर कुणाला अपघात झाला तर भरपाई मिळावी म्हणून. गड्याच्या बायकोने दावा केला. मालक चौकशीला गेले. बागायतदार रडत होता. म्हणाला, मीच सांगितलं हो त्याला चढायला, फळं काढायला. मालकांनी वही काढली आणि विचारलं, "लेखी परवानगी दिली होती का?"

"एवढंच विचारलं ह्यांनी," काकू म्हणाल्या. "तो माणूस ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला कळलं. कंपनीचा साहेब वाट दाखवतोय, असं वाटलं त्याला. मग म्हणाला, नाही, नाही, तो न विचारताच चढला होता. ह्यांनी तसं लिहून घेतलं. विनापरवानगी चढला, सबब जबाबदारी येत नाही. दावा नामंजूर. ऑफिसात शाबासकी मिळाली."

"त्यांना माहीत होतं की तो खोटं बोलतोय?"

"पाच मिनिटांपूर्वी खरं ऐकलं होतं ना ह्यांनी." काकूंनी सालं सुपात ढकलली. "त्याची बायको आली होती ऑफिसात. भांडली नाही, काही नाही. चार दिवस व्हरांड्यात बसायची. ह्यांना एकच सांगायची, साहेब, न विचारता चढला नसता ओ त्यो. विचारल्याबिगर दुसऱ्याच्या माठातलं पाणी प्यायचा नाही. पाचव्या दिवशी आली नाही. निवृत्त झाल्यावर हे तिला शोधायला गेले. गाव उठलं होतं धरणात, माणसं कुठे कुठे पांगली. सापडली नाही."

बाहेर जाऊन मालकांच्या शेजारी जरा वेळ उभी राहिले. त्यांनी विचारलं, "चढायचंय?" मी नाही म्हटलं.

आता माझं. मला सांगायचं होतं ते खरं तर हेच, बाकीचं मी तोंड चुकवत सांगत बसले.

त्याच्या पुढच्या वर्षी अमेरिकेत कंपन्या धडाधड बुडाल्या आणि आमच्याकडची कामं बंद झाली. मला बेंचवर टाकलं. बेंच म्हणजे पगार चालू, पण काम नाही. रोज ऑफिसात जायचं, रिकाम्या कॉम्प्युटरसमोर बसायचं, संध्याकाळी परत यायचं. माझ्यासारखीला ही जन्मठेपच. बाजूच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. वर्ध्याला बाबांनी निवृत्तीचे पैसे माझ्या शिक्षणात घातले होते आणि धाकटीचं शिक्षण माझ्या पगारावर चाललं होतं. फोनवर मी सांगायचे, खूप काम आहे. त्या तीन महिन्यांत मी चिंचेसाठी किती अर्ज दिले, मोजले नाहीत. सगळ्यांवर कारण "उगाच," आणि सगळ्यांखाली सही. मालक खाली बसायचे. काही विचारायचे नाहीत.

एका शुक्रवारी दुपारी ऑफिसात मेल आला. बेंचवरच्या सगळ्यांनी सोमवारी दहा वाजता भेटावं. त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. मी तशीच उठून घरी आले. मालक जेवून आडवे झाले होते, काकू शेजारी गेल्या होत्या. चिंचेखाली गेले आणि मनात आलं, आता अर्ज, आता चष्मा, आता ती खुर्ची. नको. कुणी खाली बसायला नको. कुणाला विचारायला नको. आणि मग मी सरळ मागे विहिरीकडे गेले आणि जांभळावर चढले.

चुन्याचा पट्टा माझ्या पायाखालून गेला तो मला दिसला. मुद्दाम त्यावर पाय दिला.

वर गार होतं. लांब सिंहगडाचा टॉवर दिसत होता. मी जरा आणखी वर गेले, जरा आणखी बाहेर. फांदी मोडली ती खरंच न सांगता मोडली. फक्त "कट्" झालं. विहिरीच्या कडेला न आपटता पाचोळ्यावर आले, कारण तिथले दगडही मालकांनी वेचलेले होते. ज्या झाडावर कुणाला चढू देत नव्हते, त्याच्या खालचेसुद्धा. उजवा हात अंगाखाली आला.

शुद्ध होती. मालक धावत आले. त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. लेंगा खोचलेला, पायात काही नाही. त्यांनी जांभळाकडे पाहिलं, मोडक्या फांदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. म्हणाले, "हलू नका. पायाची बोटं हलवून दाखवा."

मनगट आणि कोपर मोडलं होतं, डोक्याला चार टाके. सिंहगड रस्त्यावरच्या एका दवाखान्यात नेलं. उंचावरून पडलेला माणूस आला की दवाखाना पोलिसांना कळवतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. संध्याकाळी एक हवालदार जबाब घ्यायला आले. पोट सुटलेले, दमलेले, मनाने बरे. मी खाटेवर, हाताला प्लास्टर. पायाशी मालक आणि काकू.

"जागा तुमची?" हवालदारांनी विचारलं.

"माझी."

"मग आता ऐका. पोरीला लागलंय जास्त. उद्या तिच्या घरच्यांनी काय काढलं, तर तुमच्यावर निष्काळजीपणाचं येतंय. तुम्ही वयस्कर मानूस. ती न विचारता चढली व्हती ना? तसं लिवू. विनापरवानगी. तुम्ही सुटला."

खोलीत पंखा कुरकुरत होता. काकूंनी मालकांचा हात धरला. "अहो, खरंच तर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "खरंच न विचारता चढली. ह्यात खोटं काय आहे? हो म्हणा."

मालकांनी हात सोडवून घेतला. काखेत त्यांची पिशवी होती. जांभळाखालून मला उचलताना, रिक्षा बोलावताना, त्या सगळ्या धांदलीत हा माणूस ती पिशवी घेऊन आला होता. तिच्यातून त्यांनी एक कोरा अर्ज काढला, माझ्या खाटेच्या कडेवर ठेवला आणि आमच्या सगळ्यांसमोर भरला. माझं नाव. झाड, जांभूळ. वेळ, दुपारी तीन. कारणाशी थांबले आणि मग लिहिलं, "उगाच." खाली स्वतःची सही केली आणि कागद हवालदारांना दिला.

हवालदारांनी वाचला. "हे तर तुम्ही आत्ता लिवलं. माझ्यासमोर."

"लिहायचं राहिलं होतं. परवानगी तोंडी होती."

"हिची सही कुठाय?"

"त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे."

"चढायच्या आधी तर नव्हता ना मोडला?"

मालकांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बरोबर आहे. मी सही न घेता परवानगी दिली. आणि खाली बसलो नाही, झोपलो होतो. दोन्ही चुका माझ्या. लिहा."

काकू डोळ्याला पदर लावून भिंतीकडे वळल्या. हवालदारांनी कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा बरं. इचारलं व्हतं का तुम्ही?"

इथे खरं बोलायचं होतं. एक "नाही" म्हणायचं होतं आणि तो म्हातारा सुटला असता. माझ्या मनात काय आलं ते सांगते, लपवत नाही. मला सोमवार आठवला. विनापरवानगी, पोलीस, जबाब, हे कंपनीत कळलं तर काय, हे आठवलं. वर्ध्याला बाबा काय म्हणतील, हे आठवलं. मालक माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत मी खोटं बोलावं अशी विनंती होती, असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. असेलही. पण मी ते त्यांच्यासाठी केलं नाही. मी भेकड होते, म्हणून मान हलवली. हो. विचारलं होतं.

पुढे जे झालं ते फार काही नाही, आणि मालकांच्या वयाला बरंच होतं. त्यांना चार-पाच वेळा चौकीवर बोलावलं. लाकडी बाकावर तासन्‌तास बसवून ठेवायचे. ते काकूंकडून डबा घेऊन जायचे आणि तिथला जबाबही त्यांनी म्हणे दोन ठिकाणी सुधारून दिला. मी डाव्या हाताने वेडंवाकडं लिहून दिलं की माझी काही तक्रार नाही, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं आणि तो अर्ज मालकांनी चौकीतून परत मागून आणला. सोमवारची मीटिंग माझ्याशिवाय झाली. हात मोडून पडलेल्या मुलीला काढून टाकायचं, हे एचआरला बरं दिसेना, म्हणून माझं पत्र दोन महिने लांबलं, आणि तेवढ्यात नवीन काम आलं. मी राहिले. आज मी जी काही आहे, ती त्या दोन महिन्यांमुळे.

मालक मला कधी एक शब्द बोलले नाहीत. प्लास्टर निघाल्यावर मी चिंचेखाली जाऊन उभी राहिले, तर आतून अर्ज घेऊन आले. मी म्हटलं, नको. त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

पण त्यांच्या मुलाने अमेरिकेतून फोनवर डोकं खाल्लं. बाबा, या वयात पोलीस चौकी, कशासाठी, विकून टाका. वर्षभर ते नाही म्हणाले. मग दोन्ही बाजूंना इमारती उठल्या, विहीर आटली, आणि ते नाही म्हणायचे थांबले. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. तिथे झाड नव्हतं. धायरीच्या त्या जागेवर आता सोसायटी आहे. बिल्डरने चिंच ठेवली, भोवती पार बांधला आणि पाटी लावली, झाडावर चढू नये, अपघात झाल्यास सोसायटी जबाबदार नाही. मी एकदाच बघायला गेले होते.

शनिवार पेठेत मी जायचे, पण कमी. दरवेळी ठरवायचे, आज म्हणते. मालक, मी विचारलं नव्हतं, तुम्ही माझ्यासाठी अडकलात आणि मी मान हलवली. आणि दरवेळी चहा पिऊन, पाय हलवून उठायचे. ते जिन्यापर्यंत सोडायला यायचे. "सावकाश उतरा," म्हणायचे आणि मी खालच्या दारातून बाहेर पडेपर्यंत वर कठड्याशी उभे असायचे. गेल्या वर्षी गेले. झोपेत, कुणाला न कळवता.

महिन्यापूर्वी काकूंनी बोलावून फाईल हातात दिली. "ह्यांनी सांगून ठेवलं होतं, त्यांना द्या म्हणून. शेवटपर्यंत तुला त्या म्हणायचे."

आज सकाळी उघडली. का आजच, माहीत नाही. कोपऱ्यात दोऱ्याने बांधलेले अर्ज, वरती शेवटचा. तो माझाच होता. जांभूळ, दुपारी तीन, उगाच, त्यांची सही. अर्जदाराच्या सहीची जागा कोरी. त्याखाली माझे सगळे चिंचेचे अर्ज, एकाखाली एक. मी उलटत उलटत अगदी तळाला गेले. दोन क्रमांकाच्या खाली क्रमांक एकचा अर्ज होता.

कागद तोच, छापील. नाव त्या गड्याचं, मी ते इथे लिहीत नाही. झाड, जांभूळ. वेळ, सकाळी. उतरण्याची वेळ लिहिलेली नाही. कारणाच्या रकान्यात मालकांच्या सरळ अक्षरात होतं, "मालकांना विचारून चढत आहे." आणि खाली, जबाबदारी जमीनमालकाची, या ओळीतला जमीनमालक त्यांनी एका रेघेने खोडला होता आणि वर "माझी" लिहून सही केली होती. अर्जदाराच्या सहीची, अंगठ्याची जागा रिकामी. तिथला कागद मात्र बोटाने पुसून पुसून मळलेला होता.

मी बराच वेळ बसून राहिले. पाय हलला नाही, हे मागाहून लक्षात आलं.

मग काकूंना फोन लावला आणि इतकी वर्षं मालकांना सांगायचं होतं ते बोलले. म्हटलं, काकू, मी त्या दिवशी खोटं बोलले, आणि ते त्यांच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "ह्यांनाही माहीत होतं."

"काही म्हणाले का?"

"म्हणाले, त्यांची सही तेवढी राहिली. ह्यांना अपुरा कागद चालायचा नाही, तुला ठाऊक आहे."

मी शेवटचा अर्ज वर काढला आणि कोऱ्या जागेवर सही केली. मनगट थंडीत दुखतं, अक्षर जरा वाकडं आलं. त्यांची एक चूक तरी कमी झाली. मग पुन्हा तळाचं पान उघडलं आणि पेन हातात धरून बसले. तिथे मला काही करता येण्यासारखं नव्हतं.